टॅक्सी की ॲपवरची गाडी: बसण्याआधी, बसल्यावर आणि उतरल्यावर काय तपासायचं

टॅक्सी जास्त सुरक्षित की ॲपवरून बोलावलेली गाडी, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. आकडे मात्र कुणाच्याच बाजूने नीट उभे राहत नाहीत. उबरने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फेऱ्यांचा सुरक्षा अहवाल काढला. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतल्या सुमारे २३० कोटी फेऱ्यांमध्ये लैंगिक अत्याचाराच्या पाच गंभीर प्रकारांत मिळून ५,९८१ तक्रारी होत्या, आणि ९७ जीवघेण्या अपघातांत १०७ जण दगावले होते. टॅक्सीच्या बाबतीत असा एकगठ्ठा हिशेब मांडणं अवघड, कारण परवाने शहरागणिक वेगळ्या कार्यालयांकडे असतात, आणि हात करून थांबवलेल्या टॅक्सीत काही घडलं तर ते पोलिसांच्या वहीत जातं, नाहीतर कुठेच जात नाही. एकीकडे मोजणी झाली म्हणून धोका मोठा दिसतो, दुसरीकडे झालीच नाही म्हणून तो लहान वाटतो.

म्हणून ‘कुठली सुरक्षित’ यापेक्षा ‘या फेरीची नोंद कुठे आहे’ हा प्रश्न जास्त कामाचा. टॅक्सीत माणूस आणि गाडी यांची नोंद आधीच झालेली असते, पण तुमच्या फेरीची होत नाही. ॲपमध्ये फेरीची नोंद मिनिटामिनिटाला होते, पण चाकामागे बसलेला माणूस तोच आहे का, हे दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. प्रवाशाचं काम त्यावरूनच ठरतं. टॅक्सीत नोंद आपण करायची, ॲपमध्ये असलेली नोंद ताडून पाहायची.

दोन्हीकडच्या तपासणीत काय असतं, काय नसतं

टॅक्सीचा परवाना देणारं कार्यालय साधारणपणे चालकाची पोलीस पडताळणी करतं, बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसेही घेतं, आणि गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी होते. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा चालक व्हायचं तर शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले रस्ते तोंडपाठ लागतात, आणि त्या परीक्षेच्या तयारीत वर्षं जातात. इतकी मेहनत करून मिळवलेला बिल्ला कुणी सहजासहजी धोक्यात घालत नाही. ही टॅक्सी-व्यवस्थेची खरी ताकद. गाडीवरचा क्रमांक, आत लावलेलं चालकाचं ओळखपत्र, मीटर आणि पावती या तिच्या खुणा.

ॲपच्या कंपन्या कागदपत्रं आणि गुन्ह्यांच्या नोंदी तपासतात, पण बोटांच्या ठशांवरून त्यांचे आणि शहरांचे खटके उडालेले आहेत. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात २०१६ मध्ये ठशांच्या नियमाच्या बाजूने मतदान झालं, तेव्हा उबर आणि तिची स्पर्धक कंपनी लिफ्ट, दोघांनीही शहर सोडलं. पुढच्या वर्षी राज्याचा कायदा बदलल्यावर त्या परत आल्या. त्याहून बोलका प्रकार लंडनचा. तिथल्या परिवहन प्राधिकरणाने २०१९ मध्ये सांगितलं की ४३ चालकांच्या बाबतीत अनधिकृत माणसांनी दुसऱ्याच्या उबर खात्यावर आपला फोटो चढवला होता, आणि अशा किमान १४,००० फेऱ्या झाल्या होत्या. भाऊ, मेहुणा, शेजारी कुणीही एकमेकांचं खातं वापरतो. त्यावर उपाय म्हणून कंपन्या चालकाकडून अधूनमधून सेल्फी मागतात. ‘अधूनमधून’ हा शब्द लक्षात ठेवा. दोन सेल्फींच्या मधल्या वेळेत ती तपासणी तुमच्याकडे असते.

काही शहरांत ही सीमारेषा पुसली गेली आहे. न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीला आणि ॲपच्या गाडीला एकच आयोग परवाना देतो, आणि ॲपच्या गाड्यांच्या नंबर प्लेटची सुरुवात ‘टी’ने आणि शेवट ‘सी’ने होतो. टॅक्सीही ॲपवरून मागवता येत असेल तर दोन्हीकडच्या खुणा एकाच गाडीत मिळतात. अनोळखी शहरात रात्री उतरलात आणि असा पर्याय समोर असेल, तर पैसे थोडे जास्त पडले तरी तोच घ्यावा.

गाडी येण्याआधी

फोन किमान २०-२५ टक्के चार्ज असावा. ॲपवरच्या प्रवासाची सगळी सुरक्षा फोनमध्ये असते, आणि फोन बंद पडला की ॲपची गाडी ही नोंद नसलेल्या खासगी गाडीपेक्षा वेगळी राहत नाही. ॲपच्या सुरक्षा सेटिंगमध्ये तीन गोष्टी एकदाच करून ठेवा. विश्वासातल्या एक-दोन माणसांना फेरी आपोआप शेअर होईल असं करा. पिनची, म्हणजे बसताना चालकाला सांगायच्या आकड्यांची, सोय असेल तर ती सुरू करा. आणि फेरीतला आवाज रेकॉर्ड करायची सोय तुमच्या भागात आहे का ते पाहून ठेवा. शेअर केलेली लिंक ज्याला जाते त्याला ‘पोचले की कळवते, साडेदहापर्यंत कळवलं नाही तर फोन कर’ असं सांगून ठेवावं. लिंक आली आणि उघडलीच नाही, असंच बहुतेक वेळा होतं.

गाडीची वाट रस्त्याच्या कडेला फोन हातात नाचवत बघू नका. दाराच्या आत किंवा उजेडात उभं राहा आणि ॲपमध्ये ‘गाडी आली’ दिसल्यावरच बाहेर या. फोनकडे बघत उभा असलेला माणूस कुठली तरी गाडी शोधतोय, हे तीस फुटांवरूनही कळतं.

टॅक्सी हवी असेल तर स्टँडवरून, अधिकृत रांगेतून किंवा प्रीपेड खिडकीवरून घ्या. विमानतळावर किंवा स्टेशनात आतपर्यंत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणारा दलाल ज्या गाडीकडे नेतो ती बऱ्याचदा परवान्याची नसते. नियमाने चालणाऱ्याला रांगेत गाडी सोडून आत यायची गरजच पडत नाही.

दाराशी: सगळ्यात महत्त्वाची वीस सेकंदं

ॲपची गाडी असेल तर आधी नंबर प्लेट. रंग आणि मॉडेल नंतर, कारण पांढऱ्या गाड्या रस्त्यात शेकड्याने असतात. प्लेटचे शेवटचे चार आकडे जुळले म्हणून थांबू नका, पूर्ण वाचा. मग चेहरा. मग नाव, आणि इथेच बहुतेक जण उलटं करतात. खिडकीत वाकून ‘अमुक नावाची गाडी ना?’ असं विचारलं की समोरचा कुणीही ‘हो’ म्हणेल. ‘कोणासाठी आलात?’ असं विचारा आणि तुमचं नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. तेही चोरून ऐकून सांगता येतं, म्हणून नाव हे प्लेटच्या जागी नाही, प्लेटच्या जोडीला. पिन सुरू असेल तर चालकाने तो टाकल्याशिवाय फेरी सुरू होत नाही, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसलात तरी ते पहिल्याच मिनिटाला उघड होतं.

हा काथ्याकूट नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनामधल्या कोलंबिया शहरात एक विद्यार्थिनी आपली उबर समजून भलत्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. त्या गाडीचे मागचे चाइल्ड लॉक लावलेले होते. काचेवरच्या स्टिकरला आणि चमकत्या पाटीला शून्य किंमत द्या. दोन्ही कुठेही विकत मिळतात.

प्लेट जुळत नसेल आणि चालक म्हणाला ‘माझी गाडी गॅरेजमध्ये आहे, ही भावाची’, तर बसू नका. तो खरंही बोलत असेल. पण नोंद त्या दुसऱ्या गाडीची आहे आणि विमाही तिचाच. रद्द करताना कारणात ‘गाडी किंवा चालक वेगळा’ हेच निवडा, म्हणजे दंड परत मागायला आधार राहतो.

टॅक्सीत बसताना काम वेगळं. गाडीचा क्रमांक मागून किंवा दारावरून फोटोत घ्या आणि तो फोटो घरच्या माणसाला पाठवा. पाच सेकंदं लागतात. चालकाला दिसेल असा फोटो काढलात तर आणखी बरं, आणि त्यात अपमान वाटायचं काही नाही. आत बसल्यावर ओळखपत्रावरचा फोटो आणि आरशात दिसणारा चेहरा ताडून पाहा. ओळखपत्र नाहीच, किंवा त्यावर कापड लटकवलंय, तर उतरून पुढची टॅक्सी. मीटर शून्यावर आणलाय का तेही इथेच बघायचं, आणि शेवटी पावती मागायची. पावतीवर बहुतेक ठिकाणी गाडीचा क्रमांक आणि वेळ असते. विसरलेली बॅग परत मिळण्याचाही तोच आधार.

चाइल्ड लॉक

मागचं दार उघडा आणि दाराची जाडी बघा, जिथे कुलपाचा खटका असतो. त्याच्या खाली किंवा वर नखाएवढी एक प्लास्टिकची कळ किंवा किल्लीने फिरवायची खाच दिसेल, शेजारी लहान मुलाचं चित्र. कळ कुठल्या बाजूला म्हणजे ‘लावलेलं’ हे गाडीगणिक बदलतं, चित्रातल्या बाणावरून कळतं. हे लॉक लावलेलं असलं की आतला हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही. बाहेरचा हँडल मात्र चालतो. नव्या काही गाड्यांत कळच नसते, चालकाच्या दारावरच्या बटणाने मागची दारं आणि काचा एकदम बंद होतात.

ते ओळखायची सोपी पद्धत अशी: बसल्यावर दार लावा आणि गाडी हलायच्या आत आतला हँडल एकदा ओढा. उघडलं तर झालं. काही गाड्यांत पहिल्या ओढीला सेंट्रल लॉक निघतं आणि दुसऱ्या ओढीला दार उघडतं, म्हणून दोनदा ओढून मगच काय ते ठरवा. लॉक लावलेलं निघालं म्हणजे चालकाच्या मनात काळंबेरं आहे असं नाही. त्याची स्वतःची पोरं मागे बसत असतील, किंवा प्रवाशांनी भर रस्त्यात दार उघडू नये म्हणून त्याने ते लावलं असेल. ‘दादा, मागचं चाइल्ड लॉक काढता का जरा?’ एवढं म्हणा. उतरून कळ फिरवायला दहा सेकंदं पुरतात. टाळाटाळ झाली तर मात्र गाडी उभी आहे तोवर बाहेरच्या हँडलने दार उघडून उतरा.

वाटेत अडकलात तर काच खाली करून हात बाहेर घालायचा आणि बाहेरचा हँडल ओढायचा. अर्थात गाडी सिग्नलला उभी असतानाच.

पट्टा: जो कुणी मागे लावत नाही

सुरक्षेची चर्चा गुन्ह्यांभोवती फिरते, पण बहुतेक प्रवाशांना भिडणारा धोका साधा अपघात हाच असतो, आणि तिथे टॅक्सी-ॲप हा भेद फारसा उरत नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी जागीच थांबली तर पट्टा न लावलेला माणूस पुढच्या सीटवर ज्या वेगाने आदळतो, तो १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. पुढे बसलेल्यालाही तो धडक देतो. टॅक्सीत चालकामागे जाळी किंवा प्लास्टिकची भिंत असेल तर तोंड त्यावर आपटतं.

मागच्या सीटवर पट्टा असतो, बकल सापडत नाही. सीट कव्हर चढवताना ते खाली दाबलं जातं. सीट आणि पाठ यांच्या फटीत हात घालून ते वर काढा. निघत नसेल तर दुसऱ्या बाजूला बसा. तिकडेही तेच असेल तर गाडी बदला, हे माझं स्पष्ट मत. बकलमध्ये आधीच एखादी मोकळी धातूची जीभ खुपसलेली दिसली तर ती इशाऱ्याचा आवाज बंद करायला घातलेली असते, ती काढून टाका. पट्टा लावल्यावर खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून जावा, काखेखालून नाही. एक जोराचा झटका देऊन बघा, पट्टा अडकला पाहिजे. सहज सुटत आला तर त्याचं रीळ खराब आहे.

लहान मूल मांडीवर घेऊन बसणं हा सगळ्यात मोठा गैरसमज. ५० च्या वेगातून गाडी दशांश सेकंदात थांबली तर १० किलोचं मूल त्या क्षणी साधारण १४० किलोच्या ओढीने पुढे जातं. कुणाच्याही हातात ते राहत नाही. स्वतःच्या पट्ट्यात मुलाला घेणं तर आणखी वाईट, तुमच्या वजनाखाली ते चिरडतं. अनेक देशांत टॅक्सीला मुलांच्या सीटच्या नियमातून सूट आहे, पण ती सोयीसाठी दिलेली आहे. बाळासोबत नेहमीचा प्रवास असेल तर हलकी, पट्ट्याने बांधता येणारी सीट स्वतःचीच बाळगा. ॲपमध्ये मुलाच्या सीटसह गाडीचा पर्याय असला तरी आलेली सीट कोणत्या वजनाच्या मुलासाठी आहे, ते तिच्या लेबलवर वाचून घ्या.

टायरवर जाता जाता नजर टाका. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की बहुतेक देशांत तो टायर बाद. पावसात गुळगुळीत टायरची गाडी आली तर परत पाठवण्यात संकोच नको.

चालकाची झोप

पहाटेच्या विमानासाठी गाडी बोलावणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा गाडी चालवतो. १०० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी १११ मीटर कुणाच्याही ताब्यात नसते.

नियम आहेत. न्यूयॉर्कमध्ये २४ तासांत १० तास आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा आहे. उबर अमेरिकेत १२ तास गाडी चालवल्यावर चालकाला ६ तास बंद ठेवतं. पण एका कंपनीच्या घड्याळाला दुसऱ्या कंपनीचं घड्याळ दिसत नाही. एकावर १२ तास संपले की दुसरं ॲप उघडायचं, हे सर्रास चालतं. टॅक्सीतही एकच गाडी दोघांत चालवली जाते आणि दुसरा आला नाही की पहिलाच ओढत राहतो. म्हणून बसल्यावर सहज विचारा, ‘आज कधीपासून सुरू आहे?’ उत्तरापेक्षा उत्तर यायला लागलेला वेळ जास्त सांगतो.

लेनच्या पट्ट्यावर सारखी जाणारी गाडी, उशिरा लागणारा ब्रेक, थंडीतही खाली केलेली काच, सारखे चोळलेले डोळे ही लक्षणं. गप्पा मारून त्याला जागं ठेवणं हा उपाय नाही, त्याने फार तर पाच मिनिटं निघतात. उजेडाच्या जागी थांबायला सांगा. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी आणि कॉफी हे त्याला पुढे न्यायला चालेल, तुम्हाला नेण्यासाठी नाही. तुम्ही दुसरी गाडी करा. गाडी चालवताना फोनवर पुढची फेरी उचलणाऱ्याला एकदा शांतपणे थांबवा. दुसऱ्यांदा तेच झालं तर उतरा.

‘कॅन्सल करा, तेवढ्यातच सोडतो’

गाडी आली, बसायच्या आधी चालक म्हणतो, ॲपवर रद्द करा, रोख द्या, दोघांचाही फायदा. या क्षणी ॲपवरची फेरी संपते. लोकेशन कंपनीकडे जाणं थांबतं, शेअर केलेली लिंक गोठते, पिन आणि आपत्कालीन बटण निरुपयोगी होतात, आणि कंपनीचा विमाही सुटतो. तो अनेक ठिकाणी फेरी स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच लागू असतो. चालकाच्या खासगी विम्यात भाड्याची वाहतूक बहुधा वगळलेली असते. म्हणजे भाड्यातले थोडे पैसे वाचवण्यासाठी टॅक्सीची नोंद नाही, ॲपचीही नाही, अशी गाडी तुम्ही पत्करता. असं मागणाऱ्याच्या गाडीत नंतर ॲपवरूनही बसू नये.

वाटेत काही खटकलं तर

नकाशा स्वतःच्या फोनवर उघडा ठेवा, चालकाचा बघू नका. रस्ता बदलला म्हणजे घाबरायलाच हवं असं नाही, कोंडीमुळे ॲपही मार्ग बदलतं. ‘इकडून का घेतलंत?’ एवढं विचारा. उत्तर पटलं नाही तर नेहमीच्या आवाजात घरी फोन लावा आणि गाडीचा क्रमांक व दिसणारी खूण मोठ्याने सांगा: ‘पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपापाशी आहोत.’ चालकाला कळतं की नोंद झाली. वाद घालून तो पेटवण्यापेक्षा हे जास्त चालतं.

ॲपमधलं ढालीचं चिन्ह कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. त्यातलं आपत्कालीन बटण अनेक शहरांत थेट पोलिसांच्या मदत क्रमांकाला जोडतं, आणि काही ठिकाणी गाडीचा तपशीलही सोबत पाठवतं. युरोपीय संघात आणि भारतात तो क्रमांक ११२, अमेरिकेत ९११. चालत्या गाडीतून उडी मारू नका. सिग्नल, टोलनाका, पेट्रोल पंप, गर्दीचा चौक बघून तिथे थांबायला सांगा. ‘उलटी येतेय’ हे कारण आश्चर्यकारकरीत्या लवकर गाडी थांबवतं.

उतरताना आणि नंतर

रात्री एकट्याने परतताना घराच्या फाटकाऐवजी दोन इमारती अलीकडे उतरलं तरी चालतं, पण तो रस्ता उजेडाचा असेल तरच. अंधाऱ्या गल्लीत चालण्यापेक्षा दारात उतरलेलं बरं. दार उघडताना दाराच्या लांबच्या हाताने उघडा: डाव्या दाराला उजवा हात, उजव्याला डावा. अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. फेरी ॲपवर संपली का तेही बघा. चालू राहिली तर पैसे लागत राहतात आणि लोकेशनही चुकीचं नोंदलं जातं.

तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी. ॲपच्या फेरीत फेरीचा तपशील, नकाशा, चालकाचं नाव आणि प्लेट यांचे स्क्रीनशॉट काढा, कारण जुन्या फेऱ्यांच्या यादीत पुढे सगळा तपशील दिसेलच असं नाही. टॅक्सीच्या फेरीत क्रमांकाचा फोटो, पावती, बसल्याची आणि उतरल्याची वेळ लिहा. टॅक्सीची तक्रार परवाना देणाऱ्या कार्यालयात जाते, ॲपची कंपनीकडे. पण अंगावर हात टाकण्यापासून पुढचं काहीही असेल तर दोन्ही बाबतींत आधी पोलीस. कंपनीने खातं बंद केलं म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं होत नाही, आणि फेरीचा पूर्ण तपशील कंपनी बहुधा पोलिसांनी मागितल्यावरच देते. ज्या चौकात किंवा इमारतीसमोर उतरलात तिथले सीसीटीव्ही अनेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चढवतात, म्हणून तक्रारीतच कॅमेऱ्याची जागा आणि वेळ लिहून ते चित्रण जपून ठेवायची मागणी करा.